गाय-म्हैस गाभण का राहत नाही? वंध्यत्व आणि नव्या उपचारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूध उत्पादक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे, पुढे अवघड. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. "कोणतं इंजेक्शन देऊ?" हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. हात घालून किंवा सोनोग्राफीने अंडाशय तपासल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही, म्हणून औषधांच्या मात्रा इथे मुद्दाम दिलेल्या नाहीत.

१. गाय व्याल्यावर किती दिवसांत माजावर यायला हवी? काळजी कधीपासून करायची?

निरोगी गाय दीड-दोन महिन्यांत माज दाखवते, म्हशीला थोडा जास्त वेळ लागतो. पहिलं रेतन ६० दिवसांनंतर करावं, तोवर पिशवी (गर्भाशय) पूर्ववत होते. गायीचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा. दर १२-१३ महिन्यांनी एक वेत हवं असेल तर व्याल्यापासून तीन ते पावणेचार महिन्यांत ती गाभण राहायला हवी. म्हणून ९० दिवस होऊनही माज दिसला नाही तर थांबू नका, तपासून घ्या. व्यायला त्रास झाला असेल, जार अडकली असेल किंवा घाण वास येत असेल तर ९० दिवसही वाट पाहायची नाही.

कालवडीच्या बाबतीत वयापेक्षा वजन पाहा. त्या जातीच्या पूर्ण वाढलेल्या गायीच्या साधारण ६० टक्के वजन झालं की कालवड भरवण्याजोगी होते. उपाशी वाढलेल्या कालवडीला माजाचं इंजेक्शन देऊन काहीच साधत नाही.

२. आमची गाय माजच दाखवत नाही. माजावर आणायचं इंजेक्शन द्यायचं का?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. काही जनावरांचं २१ दिवसांचं चक्र आतून व्यवस्थित चालू असतं, पण लक्षणं बाहेर दिसत नाहीत किंवा आपल्या नजरेतून सुटतात. हा मुका माज. दुसऱ्या प्रकारात अंडाशय खरोखरच थंड असतो, चक्र सुरूच झालेलं नसतं. मालकाची तक्रार दोन्हीकडे एकच, उपचार मात्र वेगळे.

तपासणीत अंडाशयावर पीतपिंड (बीज, म्हणजे अंडं, सुटल्यावर त्या जागी तयार होणारी पिवळसर ग्रंथी) सापडला तर चक्र चालू आहे. अशा जनावराला प्रोस्टाग्लॅंडिन दिलं की पीतपिंड विरघळतो आणि साधारण दोन ते पाच दिवसांत माज येतो. अंडाशय गुळगुळीत आणि लहान असेल, तर विरघळवण्याजोगं तिथे काहीच नसतं आणि तेच इंजेक्शन वाया जातं. तिथे खुराक, जंतनाशक, खनिज मिश्रण आणि गरज पडल्यास प्रश्न ८ मधला उपचार लागतो. तपासणीवाचून टोचलेल्या इंजेक्शनांवर शेतकऱ्याचा किती पैसा जातो, ते पाहून वाईट वाटतं.

मुका माज पकडायचा तर पहाटे आणि रात्री झोपण्याआधी गोठ्यात वीस-वीस मिनिटं थांबा. बांधलेल्या जनावराला दुसऱ्यावर चढून माज दाखवता येत नाही, म्हणून शक्य असेल तर दिवसातून एकदा मोकळं सोडा. शेपटीला चिकटलेला सोट (माजाचा चिकट स्राव), निरणाची (योनीची) सूज, अचानक घटलेलं दूध, म्हशीत वारंवार थोडी थोडी लघवी, एवढ्यावरही माज ओळखता येतो.

३. माज दिसल्यावर नेमकं कधी भरवायचं?

सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गायीत माज संपल्यावर साधारण १० ते १२ तासांनी बीज सुटतं आणि ते थोडेच तास फलनक्षम राहतं. शुक्राणूंनाही मादीच्या शरीरात तयार व्हायला काही तास लागतात. सोट काचेसारखा पारदर्शक, लोंबणारा असतो तेव्हा वेळ योग्य. माज दोन दिवसांहून अधिक टिकत असेल तर प्रश्न ६ पाहा.

४. तीन-चार वेळा भरवली, दर वेळी उलटते. तपासणीत काही दोष नाही म्हणतात. मग अडतं कुठे?

तीन किंवा जास्त वेळा भरवूनही गाभण न राहणारी, चक्र नियमित आणि वरवर दोष नसलेली गाय, तिला वारंवार उलटणारी म्हणतात. इथे सर्वांत आधी तुमची वही पाहायची. किती दिवसांनी उलटली, यात निम्मं निदान असतं.

बरोबर १८ ते २४ दिवसांनी उलटली तर दोन शक्यता: बीज फळलंच नाही, किंवा फळलं पण गर्भ पहिल्या दोन आठवड्यांतच गेला. गर्भाला साधारण सोळाव्या-सतराव्या दिवसापर्यंत "मी आहे" हा रासायनिक संदेश आईच्या शरीराला द्यावा लागतो. इंटरफेरॉन टाऊ नावाचं प्रथिन हे काम करतं. गर्भ दुबळा असेल आणि संदेश पोचला नाही तर पीतपिंड विरघळतो आणि गाय वेळेवर माजावर येते. मालकाला वाटतं, ती राहिलीच नव्हती. तीस-पस्तीस दिवसांनी किंवा त्याहून उशिरा उलटली तर एक माज नजरेतून सुटला असेल किंवा गर्भ उशिरा गेला असेल. दहा-बारा दिवसांतच पुन्हा माज दिसला, तर दोनपैकी एकदा माज ओळखण्यात चूक झाली असण्याची शक्यता मोठी.

त्यानंतर रेतनाकडे वळा. रेतकांडी (गोठवलेल्या रेताची बारीक नळी) उणे १९६ अंश तापमानाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवलेली असते. ती ३७ अंशांच्या कोमट पाण्यात साधारण ३० सेकंद धरून वितळवायची असते. बोटांत चोळून, खिशात ठेवून वितळवलेल्या कांडीतून फारशी आशा नाही. गोठ्यात कोमट पाणी आणि थर्मामीटर तयार ठेवा आणि रेतन करणाऱ्याला आपुलकीने आग्रह करा.

मग चारा. ऊस पट्ट्यातल्या गोठ्यांत महिनोन्महिने उसाचं वाडं हाच मुख्य चारा असतो. वाड्यातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही, प्रथिनंही कमी पडतात. वाडं द्यावंच लागत असेल तर चुन्याची निवळी शिंपडून द्या, सोबत द्विदल चारा किंवा मुरघास आणि रोज ५० ते १०० ग्रॅम चांगलं खनिज मिश्रण द्या. जास्त दुधाची गाय व्याल्यावर दूध झपाट्याने वाढवते, पण तिचं खाणं त्या वेगाने वाढत नाही. ती अंगावरचं झिजवते आणि शरीर गर्भधारणा पुढे ढकलतं. पाठीची हाडं वर आलेल्या गायीला आधी खुराक, मग औषध.

हे सगळं ठीक असेल तरच संप्रेरकांचा (हॉर्मोनचा) विचार. बीज वेळेवर सुटत नसेल तर रेतनाच्या वेळी जीएनआरएच, हे बीज सुटायला चालना देणारं संप्रेरक. पीतपिंडातून स्रवणारं, गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन कमी पडतं असं दिसलं तर रेतनानंतर पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास जीएनआरएच किंवा तेच काम करणारं एचसीजी देऊन दुसरा पीतपिंड तयार करण्याचा प्रयत्न करतात. ज्या गायीत दोष नेमका तिथेच असतो, तिला फायदा होतो. सरसकट सगळ्यांना दिलं तर निकाल पुसट होतात. आतली सुप्त सूज असेल तर पुढचा प्रश्न.

५. पिशवी धुऊन घ्यायची का? आमच्याकडे प्रत्येक उलटणाऱ्या गायीची धुतात.

प्रत्येकीची नाही. सोट गढूळ असेल, त्यात पूचे पांढरे कण असतील किंवा तपासणीत सूज सापडली असेल तरच पिशवीवर उपचार करावा. निरोगी पिशवीत तीव्र आयोडीन किंवा वाटेल ते प्रतिजैविक सोडलं तर आतल्या अस्तराला इजा होते, जंतू औषधाला सरावतात आणि दुधात औषधाचे अंश उतरतात.

या भागात खरोखर नवं काही घडतं आहे. सुप्त सूज डोळ्यांना दिसत नाही, ती ओळखण्यासाठी अस्तरातल्या पेशी बारीक ब्रशने घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. उपचारांतही प्रतिजैविकाखेरीज वाटा शोधल्या जात आहेत. पीतपिंड असेल तर प्रोस्टाग्लॅंडिन देऊन गाय माजावर आणतात. माजाच्या काळात पिशवीचं तोंड उघडतं, घाण बाहेर पडते आणि पिशवीची स्वतःची प्रतिकारशक्ती वाढते. ई. कोलाय जिवाणूच्या आवरणातला घटक अगदी सूक्ष्म प्रमाणात पिशवीत सोडून पांढऱ्या पेशींना तिथे बोलावून घेण्याचा उपचार भारतातल्या पशुवैद्यक संशोधनात अभ्यासला गेला आहे. प्रतिजैविक द्यावंच लागलं तर दूध किती दिवस बाजूला काढायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या.

६. गाय दोन-तीन दिवस माजावरच राहते. का?

बहुतेकदा बीज उशिरा सुटतं किंवा सुटतच नाही. अशा गायीला माज टिकून असेपर्यंत २४ तासांनी पुन्हा भरवतात, आणि रेतनाच्या वेळी जीएनआरएच किंवा एचसीजी देतात. माज सारखा येत-जात असेल, शेपटीच्या मुळाशी खड्डा पडला असेल, तर अंडाशयावर गाठ असू शकते. फॉलिकलची (बीज वाढवणाऱ्या पुटकुळीची) गाठ असेल तर जीएनआरएच आणि सात ते नऊ दिवसांनी प्रोस्टाग्लॅंडिन, हा सर्वमान्य उपचार आहे. हाताने दाबून गाठ फोडण्याची जुनी पद्धत करू देऊ नका. त्याने रक्तस्राव होतो, आतले भाग एकमेकांना चिकटतात.

७. 'ओव्हसिंक' म्हणजे काय? माज न पाहता गाय भरवता येते हे खरं का?

खरं आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात ही पद्धत तयार झाली आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या दिवशी जीएनआरएच, सात दिवसांनी प्रोस्टाग्लॅंडिन, त्यानंतर सुमारे ५६ तासांनी दुसरं जीएनआरएच आणि मग १६ ते २० तासांनी रेतन. बीज कधी सुटणार हे आपणच ठरवल्यामुळे माज दिसण्याची गरज राहत नाही. मुका माज असलेल्या जनावरांना आणि एकाच वेळी अनेक गायी सांभाळणाऱ्या गोठ्यांना याचा चांगला उपयोग होतो.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. दुभत्या गायींत साधारण शंभरातल्या तीस-चाळीस एका फेरीत गाभण राहतात. माज अचूक ओळखून केलेल्या रेतनापेक्षा हे प्रमाण जास्त नाही. फायदा एवढाच की एकही माज वाया जात नाही. कालवडींत ओव्हसिंक कमी चालतं, कारण त्यांच्यात फॉलिकलच्या लाटा वेगळ्या वेगाने येतात. हाडं निघालेल्या, अंडाशय थंड पडलेल्या जनावरातही कमी चालतं. इंजेक्शनची वेळ काही तासांनी चुकली तर सगळी फेरी वाया, म्हणून डॉक्टरांशी चारही वेळा आधीच ठरवून घ्या.

८. निरणात ठेवतात ते साधन काय असतं? त्याने इजा होते का?

सिलिकॉनचं, प्रोजेस्टेरॉन भरलेलं साधन असतं. सात ते नऊ दिवस आत ठेवतात, त्यातून संप्रेरक हळूहळू रक्तात उतरतं. जणू पीतपिंड आहे असं शरीराला वाटतं. काढल्यावर प्रोजेस्टेरॉन एकदम घटतं आणि थांबलेलं चक्र सुरू होतं. काढण्याच्या सुमारास प्रोस्टाग्लॅंडिन आणि काही वेळा ईसीजी (फॉलिकल वाढवणारं संप्रेरक, हृदयाची तपासणी नव्हे) देतात. खऱ्या अर्थाने माजावर न येणाऱ्या गायी-म्हशींसाठी हा आजचा सर्वांत भरवशाचा उपचार आहे, असं माझं मत.

काढताना थोडा पांढरट स्राव दिसतो, तो सहसा आपोआप थांबतो. पिशवीत पू असेल तर हे साधन बसवायचं नसतं. आणि एकीचं काढलेलं साधन दुसरीला घालू नका. पैसे वाचवण्यासाठी तसं केलं जातं, त्यातून रोग पसरतात.

९. भरवल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त पडलं. गर्भ गेला का?

नाही. माज संपल्यावर एक ते तीन दिवसांत थोडं रक्त दिसणं कालवडींत आणि गायींत नेहमीचं आहे. त्यावरून गाभण राहिली की नाही, काहीच कळत नाही. माज न दिसता नुसतं रक्त दिसलं तर मात्र तारीख लिहून ठेवा: माज नुकताच होऊन गेला, पुढचा साधारण १८-१९ दिवसांनी येईल.

१०. म्हैस उन्हाळ्यात माजावर येत नाही. काही नवा उपाय?

म्हशीचं प्रजनन दिवसाच्या लांबीशी बांधलेलं आहे. दिवस लहान होऊ लागले की बहुतेक म्हशी माजावर येतात. उन्हाळ्यात लांब दिवस, काळी कातडी, कमी घामग्रंथी आणि हिरव्या चाऱ्याची टंचाई, सगळं एकत्र येतं. अंधारात स्रवणारं मेलाटोनिन हे संप्रेरक शरीराला रात्रीची लांबी सांगतं. कानामागे कातडीखाली मेलाटोनिनची रोपणं बसवून उन्हाळ्यात म्हशी माजावर आणण्याचे प्रयोग भारतात झाले आहेत आणि निकाल आशादायक आहेत, पण गावपातळीवर ते सहज मिळत नाही. तोवर प्रश्न ८ मधलं प्रोजेस्टेरॉन साधन वापरता येतं.

त्याआधी दुपारी डुंबायला पाणी किंवा अंगावर फवारे, दाट सावली, रात्रीचा गारव्यातला चारा एवढं करा. म्हशीचा माज बहुधा रात्री असतो, हेही विसरू नका.

११. पीआरपी उपचाराबद्दल ऐकलं. आमच्या गायीला करून घ्यावा का?

पीआरपी म्हणजे गायीचंच रक्त घेऊन, यंत्रात फिरवून वेगळा केलेला, रक्तबिंबिकांनी (प्लेटलेट्सनी) समृद्ध भाग. त्यात ऊती दुरुस्त करणारे वाढीचे घटक असतात. तो पिशवीत सोडतात किंवा सोनोग्राफीत पाहत सुईने अंडाशयात देतात. इटलीतल्या संशोधकांनी उलटणाऱ्या आणि अंडाशय मंदावलेल्या गायींवर याचे प्रयोग केले, पाठोपाठ भारतातही झाले. कल्पना मला मनापासून आवडते: औषधाचा अंश दुधात नाही, प्रतिजैविक नाही, संप्रेरक नाही. पण आजवरचे प्रयोग थोड्या जनावरांवरचे आहेत. निर्जंतुकपणा पाळला नाही तर उपचारातूनच संसर्ग होतो. पशुवैद्यक महाविद्यालयाच्या रुग्णालयात, नेहमीचे उपचार थकल्यावर, जरूर विचारा. गोठ्यात येऊन "हमखास" म्हणणाऱ्याकडून करून घेऊ नका. मूलपेशींचा उपचार तर अजून प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच आहे.

१२. उलटणाऱ्या गायीला कालवडच व्हावी म्हणून लिंगनिश्चित रेत वापरलं तर?

नको. मादी शुक्राणूत नर शुक्राणूपेक्षा सुमारे ४ टक्के जास्त डीएनए असतो. त्यावरून यंत्र ते वेगळे करतं आणि साधारण ९० टक्के वासरं मादी होतात. पण कांडीत शुक्राणू साध्या कांडीपेक्षा खूपच कमी असतात आणि यंत्रातून जाताना थकलेले असतात, त्यामुळे गर्भधारणा साध्या रेतापेक्षा कमी राहते. हे रेत निरोगी कालवडी आणि पहिल्या-दुसऱ्या वेताच्या, वेळेवर माज दाखवणाऱ्या गायींसाठी राखून ठेवा. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी वाशिम इथे देशी बनावटीच्या लिंगवर्गीकरण तंत्राचं लोकार्पण झालं. कांडीमागे सुमारे २०० रुपये वाचावेत हा त्यामागचा हेतू. स्वस्त झालं म्हणून चुकीच्या गायीत मात्र वापरू नका.

१३. मग आयव्हीएफ? वांझ गायीला त्याने वासरू होईल का?

आयव्हीएफ हा मुळात उत्तम गायीची वासरं वाढवण्याचा मार्ग आहे, वांझपणावरचा इलाज नव्हे. सोनोग्राफीच्या मदतीने दात्या गायीच्या अंडाशयातून बीजं काढतात, प्रयोगशाळेत फळवतात आणि सात दिवसांचा गर्भ दुसऱ्या गायीच्या पिशवीत ठेवतात. आपल्या देशात कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत १९९० मध्ये 'प्रथम' नावाचं आयव्हीएफचं रेडकू जन्मलं. म्हशीत ते जगात पहिलं होतं.

एक अपवाद आहे. बीजनलिका चिकटल्यामुळे किंवा पिशवी खराब झाल्यामुळे वांझ ठरलेली, पण अंडाशय चांगला असलेली मौल्यवान देवणी किंवा गीर गाय बीजदाती होऊ शकते. गर्भ वाढवायला दुसरी निरोगी गाय लागेल. पिशवीतच दोष असलेल्या गायीत बाहेरून गर्भ ठेवून उपयोग नाही. गीर, साहिवाल यांसारख्या गायी एका वेळी भरपूर बीजं देतात, म्हैस कमी देते, म्हणून म्हशीत खर्च जास्त पडतो.

१४. गाभण ठरलेली गाय पुन्हा माज दाखवते. भरवू का?

आधी तपासणी. थोड्या गायी गाभण असूनही माज दाखवतात. अशा वेळी रेतनाची नळी गर्भाशयमुखातून आत गेली तर गर्भपात होऊ शकतो. सोनोग्राफीने २८-३० दिवसांपासून, हाताने साधारण दोन महिन्यांनंतर खात्री करता येते. प्रोस्टाग्लॅंडिन देण्याआधीही हीच खात्री हवी, ते गाभण जनावराला दिलं तर गर्भ पडतो.

१५. मुळा, कोरफड, मोड आलेली कडधान्यं, या घरगुती उपायांत तथ्य आहे का?

राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ उलटणाऱ्या जनावरांसाठी एक क्रम सुचवतं: माजाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवसापासून मुळा, मग कोरफड, शेवग्याचा पाला, कांडवेल आणि कढीपत्ता, प्रत्येकी चार-पाच दिवस. खर्च नगण्य, दुधात औषध नाही, साध्या उलटण्यात करून पाहायला हरकत नाही. मोड आलेल्या धान्याने जीवनसत्त्वं आणि ऊर्जा मिळते, कमी पोसलेल्या गायीला ती लाभते. पिशवीत पू, अंडाशयावर गाठ किंवा प्रश्न १६ आणि १७ मधली कारणं असतील तर यात वेळ घालवू नका.

१६. जुळ्यातली कालवड आहे, भाऊ गोऱ्हा होता. तीन वर्षं झाली, माज नाही.

ही बहुधा फ्रीमार्टिन आहे. पोटात दोन्ही गर्भांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळतात, गोऱ्ह्याचे घटक कालवडीच्या रक्तात जातात आणि तिची जननेंद्रियं वाढत नाहीत. गोऱ्ह्याबरोबर जन्मलेल्या कालवडींपैकी दहात नऊहून अधिक अशा असतात. याला कोणताही उपचार नाही, कोणी विकत असेल तर घेऊ नका. जन्मल्यावर काही दिवसांतच डॉक्टर योनिमार्गाची लांबी मोजून अंदाज देतात, रक्ततपासणीने खात्री होते. दुसरा गर्भ आधीच जिरला असेल तर एकटी जन्मलेली कालवडही अशी असू शकते, पण ते विरळा. दोन्ही कालवडी असतील तर चिंता नाही.

१७. सात-आठ महिन्यांची गाभण गाय गाभ टाकते, गोठ्यात दुसऱ्यांदा झालं.

ब्रुसेला जिवाणूमुळे होणाऱ्या संसर्गजन्य गर्भपाताचा संशय धरा. पडलेला गर्भ आणि जार उघड्या हाताने उचलू नका, कुत्र्यांना मिळू देऊ नका, चुना टाकून खोल पुरा. हा रोग माणसाला होतो: येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, थकवा. दूध उकळूनच प्या. सगळ्या गोठ्याची रक्ततपासणी करून घ्या. बाधित गायीला बरं करणारा खात्रीचा उपचार नाही. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना आयुष्यात एकदाच लस देतात. नरांना आणि गाभण जनावरांना ती देत नाहीत. वासरांना टोचून घ्या.

१८. किती उपचारांनंतर थांबावं?

कारण बरं न होणारं असेल (फ्रीमार्टिन, चिकटलेल्या नलिका, जन्मजात दोष) तर निदान झालं त्याच दिवशी. कारण सापडलं नसेल, तर चारा आणि रेतन सुधारून, दोन-तीन माज नीट नोंदवून, एक संप्रेरक फेरी पूर्ण करून पाहा. तरीही नाही, तर एकदा पशुवैद्यक महाविद्यालयात सोनोग्राफी करून घ्या. तालुक्यातल्या फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. जाताना व्याल्याची तारीख, प्रत्येक माजाची आणि रेतनाची तारीख, वापरलेल्या रेतकांडीवरचा मजकूर आणि दिलेली औषधं लिहून न्या.

१९. प्रोस्टाग्लॅंडिनची बाटली घरी आणून ठेवली आहे. घरच्यांनी टोचली तर चालेल?

चालणार नाही. हे औषध अखंड कातडीतूनही शरीरात जातं. गरोदर बाईच्या हातावर सांडलं तर तिला गर्भपाताचा धोका असतो, दम्याच्या रुग्णाला श्वासाचा त्रास होऊ शकतो. घरात अशी व्यक्ती असेल तर बाटली घरात ठेवूच नका. कोणाच्या अंगावर सांडलं तर लगेच साबण-पाण्याने धुवा. सुई टोचली गेली किंवा धाप लागली तर बाटली सोबत घेऊन दवाखान्यात जा.